स्मृती सर्वांची, मान एकाची

बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, जुनी माणसं ज्याला अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात त्या आवारात, प्रा. राघवेंद्र गदगकर यांनी गांधीलमाशीच्या एका जातीचा अभ्यास अनेक दशकं केला. रोपॅलिडिया मार्जिनाटा हे तिचं शास्त्रीय नाव. वळचणीला किंवा खिडकीच्या चौकटीला ती कागदासारखं पातळ, उघडं पोळं बांधते. पोळ्यात एक राणी असते, पण तिच्या वागण्यावरून ती राणी आहे हे कळत नाही. ती कुणावर धावून जात नाही, कामं वाटून देत नाही. अन्न आणायला कुणी कधी जायचं, हे कामकरी माश्या आपसांतल्या रेटारेटीतून ठरवतात. राणी अंडी घालते, आणि तिच्या अंगच्या रसायनातून ती हजर असल्याची वर्दी पोळ्यात फिरत राहते.

राणीला काढून घेतलं की थोड्याच वेळात कामकऱ्यांपैकी एक माशी कमालीची आक्रमक होते. राणी परत आणून ठेवली तर ती निमूट पुन्हा कामाला लागते, नाही ठेवली तर पुढे तीच राणी होते. ही वारसदार कोण असेल, हे राणी असताना ओळखायचे संशोधकांचे प्रयत्न फसले. वय, आकार, वागणूक, कशावरूनच अंदाज बांधता येईना. मग अनिंदिता भद्र आणि गदगकर यांनी पोळ्याचे दोन भाग करून मधे जाळी घातली. राणी एका बाजूला ठेवली, तेव्हा दुसऱ्या बाजूला एक माशी पुढे आली. मग राणीची बाजू बदलली. कधी आधी पुढे आलेलीच माशी टिकली, कधी तिनं माघार घेतली आणि दुसरीच उभी राहिली. पण जी अखेर टिकली, तिला दोन्ही बाजूंच्या माश्यांनी विरोध न करता मान्य केलं. 2008 मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की वारसदार कोण हे आपल्याला ओळखता येत नसलं तरी माश्यांना ते ठाऊक असतं.

हे ‘ठाऊक असणं’ नेमकं कुठं असतं, हा प्रश्न मला पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून सोडत नाही. प्रत्येक माशीच्या इवल्या मेंदूत? की दोन माश्यांमधल्या व्यवहारात? की पोळं नावाचं काहीतरी आहे आणि ते त्याला ठाऊक आहे? माश्यांच्या बाबतीत हा प्रश्न शांतपणे विचारता येतो. माणसांच्या बाबतीत तो विचारला की लगेच अंगावर येतो. कारण आपण रोज बोलतो ते तसंच: समाजाला वाटतं, महाराष्ट्र विसरणार नाही, संस्कृतीनं आपल्याला शिकवलं, शहर हळहळलं. हे वाटणारं, न विसरणारं, शिकवणारं, हळहळणारं कुणी खरंच आहे का? संस्कृती हे एक मन आहे का? आणि असेल, तर त्या मनाला स्वतःची जाणीव आहे का?

या प्रश्नासाठी बंगळूरसारखं दुसरं गाव मला माहीत नाही. होसूर रोडवर निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे, तिथं मेंदूंचं संग्रहालय आहे. मृत्यूनंतर कुटुंबीयांनी दिलेले मेंदू जतन करण्याचं काम या संस्थेत 1995 पासून चालतं. तिथं येणाऱ्याला हातमोजा घालून एक मेंदू हातात घेता येतो. सव्वा-दीड किलोचा तो ऐवज मी हातात घेतला होता. तो थंड होता आणि वाटला होता त्यापेक्षा जड. माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात, हे मला आधीपासून माहीत होतं. हातात घेतल्यावर त्या आकड्यातलं आश्चर्य ध्यानात आलं. यातल्या एकाही पेशीला आईचा चेहरा माहीत नव्हता. एकाही पेशीला भूक, लाज, गाणं कळत नव्हतं. तरी त्या सगळ्या मिळून कधीकाळी कुणीतरी होतं, ज्याला हे सगळं कळत होतं.

आणि इथूनच तर्क पुढं सरकतो. न कळणाऱ्या पेशी एकत्र येऊन कळणारं कुणी होऊ शकत असेल, तर कळणारी माणसं एकत्र येऊन आणखी मोठं कुणी का होऊ नये? नेड ब्लॉक या तत्त्वज्ञानं 1978 मध्ये अशी कल्पना केली की चीनमधल्या प्रत्येक माणसाला एकेका चेतापेशीचं काम दिलं आणि संदेशांची देवाणघेवाण मेंदूसारखी हुबेहूब चालवली, तर त्या सगळ्यातून एक मन तयार होईल का? त्याला ते अशक्य वाटत होतं, म्हणून तर त्यानं तो प्रश्न रचला. उलट 2015 मध्ये एरिक श्विट्झगेबल यांनी लिहिलं, की जडवाद खरा मानायचा आणि सुसंगत राहायचं, तर अमेरिका या देशालाही जाणीव असावी असं मानावं लागेल. वेड्यासारखा वाटणारा हा निष्कर्ष टाळणं किती अवघड आहे, हे त्यांचा लेख नीट वाचला की कळतं.

जाणिवेचे आजचे सिद्धांत या बाबतीत काय म्हणतात? त्यातले दोन मला इथं उपयोगी वाटतात. बर्नार्ड बार्स यांनी 1988 मध्ये मांडलेली आणि स्टानिस्लास देहेन यांनी पुढे नेलेली कल्पना ‘ग्लोबल वर्कस्पेस’ या नावानं ओळखली जाते. मेंदूत असंख्य कामं एकाच वेळी, गुपचूप चाललेली असतात. त्यातली एखादी गोष्ट जेव्हा साऱ्या मेंदूत एकदम जाहीर होते, पाहणाऱ्या, बोलणाऱ्या, आठवणाऱ्या, ठरवणाऱ्या सगळ्या भागांना एकाच वेळी उपलब्ध होते, तेव्हा ती जाणिवेत आली असं म्हणायचं.

या कसोटीवर शहराला जाणीव नसते असं म्हणणं कठीण आहे. 29 ऑक्टोबर 2021 ला कन्नड अभिनेता पुनीत राजकुमार 46 व्या वर्षी अचानक गेला. ती बातमी दुपारी फुटली आणि बंगळूरचं सगळं लक्ष एका ठिकाणी गोळा झालं. दुकानांची शटर खाली आली, रिक्षांच्या काचांवर त्याचे फोटो आले, अनोळखी माणसं एकमेकांशी बोलू लागली. त्याचं पार्थिव कंठीरव स्टेडियममध्ये ठेवलं होतं आणि दर्शनाला लाखो माणसं लोटली. त्याचे डोळे दान केले होते, ही गोष्ट घरोघर पोचली आणि कितीतरी जणांनी नेत्रदानाचे अर्ज भरले. एक गोष्ट जाहीर झाली, सगळ्यांना एकदम उपलब्ध झाली, आणि त्यातून वागणं बदललं. वर्कस्पेसची व्याख्या याहून वेगळं काय मागते? एमिल द्युर्केम यांनी 1893 मध्ये ‘सामूहिक जाणीव’ हा शब्द वापरला आणि 1912 मध्ये, माणसं एकत्र जमली की त्यांच्यात उसळणाऱ्या उत्कटतेबद्दल लिहिलं. ते दोन्ही त्या दिवसांत कस्तुरबा रोडवर पायी चालताना दिसत होतं.

दुसरा सिद्धांत जुलिओ टोनोनी यांचा, ‘इंटिग्रेटेड इन्फर्मेशन थिअरी’. तो 2004 पासून चर्चेत आहे. जाणीव म्हणजे एखाद्या रचनेतली माहिती किती अतूटपणे एकजीव झाली आहे, याचं माप, असं तो सांगतो. तुकडे केले तर काही हरवतं का? जितकं जास्त हरवेल तितकी जाणीव जास्त. पण त्यात एक अट आहे. एकात एक अशा अनेक पातळ्या असतील, तर जिथं ही एकजीवता सर्वाधिक असेल तीच पातळी जाणती, बाकीच्या नाहीत. माझ्या मेंदूतल्या पेशींची जोडणी माझ्या आणि माझ्या शेजारणीच्या बोलण्यापेक्षा कितीतरी घट्ट आहे. म्हणून या सिद्धांतात जाणीव मला असते, तिला असते, आमच्या दोघींच्या मिळून होणाऱ्या वस्तीला नसते. आणि समजा, एखाद्या दिवशी आपण सगळे इतके घट्ट जोडले गेलो की समाज ही सर्वाधिक एकजीव पातळी झाली, तर त्या दिवशी समाज जागा होईल आणि तुम्ही-मी विझू. हा निष्कर्ष सिद्धांताच्या पोटातून निघतो, आणि तो वाचताना मला गर्दीच्या काही दिवसांची आठवण होते.

या सिद्धांतांचा निकाल लागलेला नाही. 1998 मध्ये क्रिस्टॉफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञानं डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाशी पैज लावली होती, की पंचवीस वर्षांत मेंदूतली जाणिवेची खूण स्पष्ट सापडेल. 2023 मध्ये न्यूयॉर्कला त्यानं हार मान्य करून वाइन दिली. त्याच वर्षी शंभराहून जास्त अभ्यासकांनी टोनोनींच्या सिद्धांताला छद्मविज्ञान म्हणणारं पत्र काढलं. वर सांगितलेल्या दोन्ही सिद्धांतांची समोरासमोर परीक्षा घेणारा, 256 व्यक्तींवर केलेला मोठा प्रयोग 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आला, आणि त्यात दोघांच्याही काही महत्त्वाच्या भाकितांना तडे गेले. एका माणसाच्या डोक्यातली जाणीव जिथं अजून नीट सांगता येत नाही, तिथं संस्कृतीच्या जाणिवेबद्दल ठाम बोलणं उतावळेपणाचं ठरेल. मी सिद्धांतांपासून थोडी दूर जाऊन संस्कृती प्रत्यक्ष काय करते ते पाहते.

ती आठवते, हे पहिलं. चैत्र पौर्णिमेच्या रात्री जुन्या पेठेतल्या धर्मरायस्वामी देवळातून बंगळूरचा करग निघतो. तिगळ समाजाचा हा उत्सव, द्रौपदीचा. तिगळ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या फुलांच्या, भाज्यांच्या बागा करणारी माणसं. त्यांची मुळं तमिळ प्रदेशातली. मध्यरात्र उलटल्यावर स्त्रीवेशातला पुरुष मोगऱ्याच्या फुलांनी मढवलेला उंच करग, म्हणजे घट, डोक्यावर घेऊन बाहेर पडतो. हात न लावता तो तोलायचा असतो. भोवती उघड्या तलवारी घेतलेले वीरकुमार. करग पडला तर त्यांनी तो वाहणाऱ्यावर तलवार चालवावी, अशी समजूत आहे. मिरवणूक रात्रभर पेठांतून फिरते आणि वाटेत हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यापाशी थांबते. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, याचं एका माणसाकडून उत्तर मिळत नाही. तरी पावलं दर वर्षी तिथं थांबतात.

या उत्सवातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट मात्र रात्रीच्या मिरवणुकीत नाही. करगाचे काही विधी संपंगी तळ्याच्या पाण्याशी बांधलेले आहेत. संपंगी हे एके काळी बंगळूरच्या मोठ्या तळ्यांपैकी एक. त्याच्या काठी शेतं होती, बागा होत्या. 1890 च्या दशकात हेसरघट्टाहून नळाचं पाणी आलं, आणि शहराला आपल्या तळ्यांची गरज वाटेनाशी झाली. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मॅजेस्टिकचं बसस्थानक आहे. संपंगीच्या जागी कंठीरव स्टेडियम आहे, जिथं पुनीतच्या दर्शनाची रांग लागली होती. पण त्या स्टेडियमच्या जवळ पाण्याचा एक छोटा चौकोन शिल्लक आहे, तो करगासाठी. समाजशास्त्रज्ञ स्मृती श्रीनिवास यांनी 2001 च्या आपल्या पुस्तकात करगाकडे शहराच्या स्मृतीचा नकाशा म्हणून पाहिलं, आणि हरिणी नागेंद्र यांनी बंगळूरच्या तळ्यांचा इतिहास खणून काढला. दोघींचं वाचल्यावर मला दिसलं ते असं: ज्या पाण्याला महापालिकेचे नकाशे विसरले, नियोजनकार विसरले, तिथल्या गाड्यांच्या गर्दीत अडकणारे आम्ही सगळे विसरलो, त्याला एक विधी विसरला नाही. तळं कुठं होतं हे विधी करणाऱ्या प्रत्येकाला सांगता येईल असं नाही. पण विधीला ते ठाऊक आहे. गांधीलमाश्यांना जसं वारसदार कोण हे ठाऊक असतं.

संस्कृती जपते, हे दुसरं. मी मल्लेश्वरमला राहते. तिथल्या काडू मल्लेश्वर देवळातला 1669 चा शिलालेख एकोजीराजांच्या दानाचा आहे. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेनं केंपेगौडांकडून बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. शहाजीराजे 1664 मध्ये होदिगेरेजवळ वारले. 1687 मध्ये मुघलांनी बंगळूर घेतलं आणि ते तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयारांकडे गेलं. म्हणजे मराठी सत्ता इथं जेमतेम पन्नास वर्षं होती. पण रंगारी, शिंपी, गोसावी, शिलेदार, कारकून अशी किती माणसं राहिली आणि पुढेही येत राहिली. चिकपेटेच्या गल्ल्यांत आजही अशी घरं आहेत, जिथं दारात कन्नड, दुकानात तमिळ किंवा उर्दू, आणि स्वयंपाकघरात मराठी बोलतात.

माझ्या ओळखीच्या अशाच एका घरात एक अज्जी आहेत. महाराष्ट्रात त्या पंढरपूरच्या यात्रेखेरीज कधी गेलेल्या नाहीत. मराठी त्यांना वाचता येत नाही, कारण त्या कन्नड शाळेत शिकल्या. त्यांच्या बोलण्यात असे शब्द आणि हेल येतात की माझा सांगलीचा कान थबकतो. मी त्यांना एकदा विचारलं, एवढ्या पिढ्या मराठी कशी टिकली? त्या म्हणाल्या, “टिकवली कोण? लेकरू रडलं की तोंडातून तीच निघायची.”

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी 1925 मध्ये मांडलं, की माणूस एकटा आठवूच शकत नाही. आठवणींना समाजानं दिलेल्या चौकटी लागतात: घर, सण, नाती, भाषा. चौकट गेली की आठवण सैल होऊन गळून पडते. ते स्वतः 1945 मध्ये बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीत मरण पावले. एडविन हचिन्स यांनी 1995 च्या पुस्तकात नौदलाच्या जहाजावरचं दिशादर्शन तपासून दाखवलं, की जहाज नेमकं कुठं आहे हे ज्ञान कुठल्याही एका खलाशाच्या डोक्यात नसतं. ते माणसं, नकाशे, उपकरणं आणि त्यांच्यातल्या बोलण्यात मिळून असतं. अज्जींची मराठी तशीच आहे. ती त्यांच्यात आहे आणि त्यांच्याआधीच्या किती बायकांच्या बोलण्यातही. त्या अर्थानं संस्कृतीला स्मृती आहे, लक्ष आहे, शिकण्याची ताकद आहे, निर्णय घेण्याची पद्धत आहे. यांना मन म्हणायचं असेल तर संस्कृती मन आहे. मला ते मान्य करायला अडचण वाटत नाही.

पण इथं थांबलं तर फसगत होते. ती फसगत कशी टाळायची हे मला आपल्याच एका जुन्या दर्शनानं शिकवलं. सांख्यांनी मनाची सगळी कामं एका बाजूला ठेवली. बुद्धी ठरवते, अहंकार ‘माझं’ म्हणतो, मन जोडतं. हे तिन्ही त्यांच्या मते प्रकृतीचे, म्हणजे जडाचेच विकार. निर्णय, स्मृती, अभिमान हे सगळं कुणी पाहणारं नसतानाही चालू शकेल अशी यंत्रणा. आणि ज्याच्यापुढं हे घडतं, ज्याला सुखदुःख भोगावं लागतं, तो पुरुष त्यांनी वेगळा मानला. शिवाय ते म्हणाले, की पुरुष अनेक आहेत. त्यांचा युक्तिवाद साधा आणि मला अजूनही अभेद्य वाटणारा आहे: एक जन्मला म्हणून सगळे जन्मत नाहीत, एक मेला म्हणून सगळे मरत नाहीत, एकाचे डोळे गेले म्हणून सगळे आंधळे होत नाहीत.

चार्वाकपंथीय यावर हरकत घेतील. ते म्हणत, मद्याच्या घटकांपैकी एकातही नशा नसते, पण ते आंबवल्यावर येते, तशी देहातून चेतना येते. मग समाजातून का नाही? हरकत खरी आहे, आणि पुरावा येईल त्या दिवशी मी ती मान्य करीन. अद्वैती म्हणतील, चैतन्य मुळात एकच आहे, अनेकत्व हा भास. पण ते एक चैतन्य कुठल्या एका जातीचं, भाषेचं, राष्ट्राचं नव्हे. त्याला कुंपण नाही, म्हणून ‘आमच्या संस्कृतीचं मन’ या दाव्याला त्याचा आधार घेता येत नाही. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्याच आवारात, गदगकरांच्या प्रयोगशाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, जे. आर. डी. टाटांच्या कल्पनेतून 1988 मध्ये उभी राहिलेली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीज आहे. वैश्विक किरणांवर आयुष्यभर काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ बी. व्ही. श्रीकंठन यांनी तिथं उतारवयात जाणिवेचा विषय हाती घेतला. विज्ञान आणि दर्शनं यांना एका टेबलावर बसवण्याची ही परंपरा मला मोलाची वाटते. कारण या प्रश्नात आपल्या दर्शनांनी काढलेल्या भेदरेषा आजही कामाच्या आहेत.

सांख्यांची रेषा घेऊन पुन्हा करगाकडे पाहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते. तळ्याची आठवण शेकडो वर्षांची, हजारो घरांची, पण करगाचं ओझं ज्या मानेवर असतं ती मान एकाच माणसाची असते. रात्रभर ताठ राहून जी दुखते ती त्याची. घाम त्याचा, भीती त्याची. विधीला आठवतं, पण विधीला दुखत नाही.

मार्च 2024 मध्ये हेच मला उलट्या दिशेनं दिसलं. पाऊस कमी झाला होता, कूपनलिका कोरड्या पडल्या होत्या, शहराच्या कडेच्या वस्त्यांत टँकरची वाट पाहत घागरी रांगेत लागल्या होत्या. वर्तमानपत्रांत मथळे होते, बंगळूर तहानलं. पण शहराला तहान लागत नाही. तहान घशाला लागते. रांगेत पहाटेपासून उभ्या असलेल्या बाईच्या, कामाला उशीर झाला म्हणून पगार कापल्या गेलेल्या पोरीच्या घशाला. तळी बुजवण्याचा निर्णय जणू शहराच्या बुद्धीनं घेतला. त्यात कुणाचाच एकट्याचा हात नव्हता. त्याचं दुःख मात्र एकेकट्यालाच भोगावं लागलं. संस्कृतीला बुद्धी आहे आणि वेदना नाही, यातलं भय इथं आहे. ज्याला वेदना नाही त्याला चुकीची किंमत कळत नाही. ती किंमत कुणीतरी मोजून, बोलून, ओरडून त्या बुद्धीपर्यंत पोचवावी लागते.

आणि त्याहून मोठं भय असं, की वेदना नसलेल्याच्या नावानं वेदना असलेल्यांना मारलं जातं. सप्टेंबर 2016 मध्ये कावेरीच्या पाण्यावरून हे शहर पेटलं होतं. तमिळनाडूच्या नंबरप्लेटच्या गाड्या शोधून जाळल्या गेल्या. अनेक बस एका संध्याकाळी राख झाल्या, संचारबंदी लागली, माणसं मेली. ज्या शहराचा एक फार जुना उत्सव तमिळ मुळांच्या माळ्यांनी जपला, त्या शहरात. त्या दिवशी प्रत्येक आगीमागं एक वाक्य होतं: कर्नाटकाचा अपमान झाला. आम्हा मराठी माणसांना अशा वाक्यांची नवलाई नाही. बेळगावपासून मुंबईपर्यंत आम्ही ती ऐकली आहेत आणि म्हटलीही आहेत. समाजाच्या भावना दुखावल्या, असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा दुखावणं कुणाच्या छातीत झालं ते विचारावं. कुणाच्या तरी झालं असेल तर त्याच्याशी बोलता येतं, त्याची समजूत घालता येते, त्याची माफी मागता येते. कुणाच्याच झालं नसेल, तर त्या वाक्याच्या आड कुणीतरी आपली सत्ता चालवत आहे.

आज हा प्रश्न नव्या रूपात याच शहराच्या काचेच्या इमारतींत विचारला जातो आहे. माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर घडवलेली यंत्रं भाषा बोलू लागली, आणि त्यांना जाणीव आहे का, यावर वाद सुरू झाला. मला वाटतं, या वादाची तयारी आपण फार पूर्वी करायला हवी होती. स्मृती, बुद्धी आणि वाणी असलेली, पण जिच्या वेदनेबद्दल खात्रीनं काही म्हणता येत नाही अशी एक गोष्ट हजारो वर्षांपासून आपल्यासोबत आहे. ती म्हणजे संस्कृती. तिला उगीच देव मानून आणि तिच्या नावानं माणसांना वेठीला धरून आपण किती नुकसान केलं, याचा हिशेब यंत्रांच्या काळातही उपयोगी पडेल.

तरी संस्कृतीला नुसती जड म्हणून बाजूला सारणं मला जमत नाही. माझ्या जाणिवेत जे काही आहे, त्यातलं फार थोडं माझं आहे. ज्या भाषेत मी विचार करते ती मी केली नाही. कुठल्या गोष्टीची लाज वाटावी, कुठल्या सुरानं डोळे भरावेत, मेलेल्या माणसाचं नाव कसं घ्यावं, हे मला कुणीतरी दिलं. पाहणारी मी आहे, पण पाहायला शिकवणारे असंख्य आहेत. माणूस आणि संस्कृती यांच्यातला व्यवहार मला असा दिसतो: ती माणसाला जाणिवेचा आशय देते आणि माणूस तिला जाणीव देतो. चिकपेटेतल्या अज्जी बोलतात तेवढा वेळ ती मराठी जागी असते. करग वाहणारा चालतो तेवढा वेळ ते तळं जागं असतं.

म्हणून संस्कृती टिकवण्याची माझी कल्पना आता बदलली आहे. पूर्वी मला वाटायचं, की ग्रंथ, देवळं, शिलालेख, उत्सव यांची निगा राखली की झालं. ती राखायला हवीच. पण ज्या स्मृतीला स्वतःची वेदना नाही, तिला वाहणारी माणसं दमली, उपाशी राहिली, हाकलली गेली, त्यांच्या लेकरांना त्यांच्या भाषेची लाज वाटायला लावली, तर पुतळे आणि संमेलनं तिला वाचवू शकणार नाहीत. तिगळांच्या बागांचं पाणी गेलं तेव्हा त्यांच्या उत्सवाचं कौतुक करणाऱ्या किती जणांनी त्यांच्या पोटाची विचारपूस केली? आपल्या भाषेच्या भवितव्याची काळजी करणारे आपण, ती घरात बोलणाऱ्या बाईच्या कष्टांची किती काळजी करतो?

संस्कृती हे मन आहे का, याचं शास्त्रीय उत्तर यायला वेळ लागेल, आणि ते काहीही आलं तरी मी ते उत्सुकतेनं वाचीन. पण कसं वागायचं हे ठरवायला त्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही. संस्कृतीच्या नावानं कुणी काही मागितलं, तर त्याचं ओझं कुणाच्या मानेवर येणार आहे ते आधी पाहावं. त्या मानेला विचारावं. तिनं नको म्हटलं तर ऐकावं, आणि हो म्हटलं तर तिच्या शेजारी उभं राहावं.